हात लागलेली आरएक्स : ऐकीव काय, खरं काय

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज विकत मिळणारी सर्वांत नवी आरएक्स १०० सुद्धा जवळपास तीस वर्षांची आहे. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, अकरा अश्वशक्ती आणि जेमतेम शंभर किलो वजन, यामुळे ती जो पिकअप द्यायची त्याची आठवण पुण्या-कोल्हापुराकडच्या दोन पिढ्यांना आहे. म्हणूनच चांगल्या गाडीची किंमत आज लाखाच्या घरात सांगितली जाते.

एवढ्या वर्षांत गाडी चार-पाच मालकांच्या हातून गेलेली असते. एकाने सायलेन्सर कापलेला असतो, दुसऱ्याने हँडल बदललेलं असतं, तिसऱ्याने वायरिंगला जोड दिलेले असतात. नवा मालक गाडी घेतो तेव्हा या कामांसोबत त्यांच्या समर्थनार्थ सांगितल्या जाणाऱ्या समजुतीही घरी येतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिले काही आठवडे अशा गाडीत नवं काही बसवूच नये. आधीच्या माणसाने काय केलं आणि का केलं, हे आधी शोधावं. कारण यातले कितीतरी बदल हौसेपोटी झालेले नसतात. एखादा बिघाड नीट दुरुस्त करायचा राहिला, म्हणून त्याला वळसा घातलेला असतो.

‘जाळी काढली की गाडी सुटते’

सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. सायलेन्सरच्या शेपटाकडून आत सरकवलेली नळी, जिला सगळे जाळी म्हणतात, ती काढून टाकली की गाडी जोरात पळते, असा समज आहे. तो पसरला त्याला एक खरं कारण आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत ऑइलही जळतं. त्याचा काजळी-डांबरासारखा थर जाळीत साचतो, धुराला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि गाडी दम खायला लागते. अशा वेळी जाळी काढली की फरक जाणवतोच. पण तो फरक चोंदलेली वाट मोकळी झाल्याचा असतो. जाळी बाहेर काढून, काजळी जाळून-खरवडून परत बसवली असती तरी तोच फरक पडला असता, आणि कानठळ्याही बसल्या नसत्या.

या इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन खाली जाताना धूर बाहेर जाण्याचं भोक उघडतं आणि त्याच वेळी ताजं मिश्रणही आत येत असतं. त्यातलं काही धुरासोबत निसटून जातं. सायलेन्सरचा पोटाशी फुगलेला आणि पुढे निमुळता होत गेलेला आकार इथे कामाला येतो. धुराचा दाब त्या निमुळत्या भागावर आपटून परत फिरतो आणि निसटू पाहणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. नळ्यांची लांबी, फुगवटा आणि शेवटचं छिद्र यांचा हिशेब कारखान्यात ठराविक आरपीएमसाठी बांधलेला असतो. सायलेन्सर मध्येच कापला किंवा बाजारातला कुठलाही ‘रेसिंग’ पाइप लावला की हा हिशेब मोडतो. बऱ्याचदा गावात चालवण्याच्या वेगाला ताकद कमी होते आणि मोठ्या आवाजामुळे ती वाढल्यासारखी वाटते.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाच्या नियमभंगासाठी पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याची मोहीम पुण्यातही झाली आहे. कापलेला सायलेन्सर मिळाला असेल तर पहिला खर्च मूळ आकाराच्या सायलेन्सरवर करा.

‘ऑइल पंप बंद केलेलाच बरा’

ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. यामाहाने आरएक्सला स्वतंत्र टू-टी ऑइलची टाकी आणि पंप दिला. पंप इंजिनावर फिरतो आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलशी जोडलेला असतो. त्यामुळे आरपीएम आणि थ्रॉटल या दोन्हींच्या प्रमाणात ऑइल जातं. पंप कधी दगा देईल या भीतीने अनेक गॅरेजांत तो बंद करतात आणि मालकाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला सांगतात.

मिसळून गाडी चालते, यात वाद नाही. पण लांबलचक घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, इंजिन गिअरमध्ये जोरात फिरत असतं आणि आत पेट्रोल नावापुरतं जातं. ऑइल पेट्रोलमध्येच असल्याने तेही नावापुरतंच जातं. पंप चालू असेल तर तो इंजिनासोबत फिरत राहतो आणि थोडं का होईना, ऑइल देत राहतो. शिवाय प्रत्येक वेळी पेट्रोल पंपावर उभं राहून हिशेब करावा लागतो : एकास पन्नास प्रमाण हवं तर लिटरला वीस मिली, एकास चाळीस हवं तर पंचवीस.

खरा धोका गाडी विकली जाते तेव्हा उभा राहतो. विकणारा सांगायला विसरतो. घेणारा ऑइलची भरलेली टाकी पाहतो, नुसतं पेट्रोल भरतो आणि थोड्याच अंतरावर पिस्टन ब्लॉकला चिकटतो. म्हणून आरएक्स घेताना पहिला प्रश्न किंमतीचा नसावा, पंप चालू आहे की बंद, हा असावा. उत्तरावर विसंबूही नका. केबलचा दुसरा फाटा पंपापर्यंत जातो का, नळी कुठे बंद केलेली आहे का, हे डोळ्यांनी पाहा. कधी वरून सगळं जागेवर दिसतं आणि आतला गिअरच काढलेला असतो. तेव्हा सुरुवातीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच चालवा, ऑइलच्या टाकीवर पातळीची खूण करा आणि ती उतरते का ते बघा. उतरत असेल, नळीत हवेचे बुडबुडे नसतील आणि केबलची खूण जुळत असेल, तरच मिसळणं थांबवा. बंद केलेला पंप पुन्हा सुरू केल्यावर त्यातली हवा काढल्याशिवाय गाडी चालवू नका.

‘धूर येतो म्हणजे इंजिन गेलं’

टू-स्ट्रोकमधून धूर येणारच. थंड इंजिनाला किक मारल्यावर येणारा आणि गाडी तापल्यावर विरळ होणारा धूर काळजीचा नाही. तापल्यावरही दाट पांढरा-निळसर धूर येत राहिला, तर लगेच ब्लॉक-पिस्टनच्या खर्चात पडण्याआधी गिअर ऑइलची पातळी तपासा. या इंजिनात गिअर ऑइल वेगळ्या कप्प्यात असतं. क्रँकच्या क्लचकडच्या बाजूचं ऑइल सील झिजलं की ते ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि जळतं. पातळी आपोआप उतरत असेल तर दोष त्या छोट्या रबरी सीलचा आहे.

दुसऱ्या बाजूचं, मॅग्नेटोकडचं सील गेलं तर उलटी गोष्ट घडते. तिथून बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि रेस सोडली तरी इंजिन वरच फिरत राहतं. या गाडीतून धूर कमी दिसतो, म्हणून मालक निर्धास्त असतो. प्रत्यक्षात पिस्टन चिकटण्याच्या वाटेवर हीच गाडी असते. प्लग काढून बघा : टोक तपकिरी असेल तर ठीक, पांढरंफटक असेल तर गाडी थांबवा.

एअर फिल्टर काढून टाकण्याचा प्रकारही इथेच येतो. फिल्टर नसला की जास्त हवा जाते आणि कार्ब्युरेटरचा जेट तोच राहिल्याने मिश्रण पातळ होतं. त्यात टू-स्ट्रोकची हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी क्रँककेसमधून जाते. म्हणजे आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांची धूळ पिस्टनच्या आधी क्रँकच्या बेअरिंगना लागते. मागच्या मालकाने फिल्टरचा डबा फेकून दिला असेल, तर तो शोधून बसवणं हे चमकदार मडगार्डपेक्षा कितीतरी तातडीचं काम आहे.

‘वायरिंगला काय, चिकटपट्टी लावली की झालं’

जुन्या गाडीतलं सर्वांत किचकट आणि सर्वांत समाधान देणारं काम वायरिंगचं. हेडलाइटचं भांडं उघडलं की आधीच्या प्रत्येक मालकाचं काम दिसतं : पिळून जोडलेल्या तारा, उन्हाने सुटलेली टेप, म्युझिकल हॉर्नची अर्धवट कापलेली वायर, फ्यूजच्या जागी तांब्याची तार. ही शेवटची गोष्ट दिसली तर बाकी सगळं सोडून आधी ती काढा. फ्यूज वारंवार उडतो तेव्हा कुठेतरी वायर घासून बॉडीला लागत असते. तिथे तार टाकली की फ्यूजऐवजी पुढची वायर जळते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून जात असते.

जादा दिवे लावण्याबद्दलही असाच गैरसमज आहे. ५५ वॉटचा एक दिवा १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या वर करंट खेचतो. एवढा भार त्या काळच्या छोट्या मॅग्नेटोला पेलवत नाही. बॅटरी उतरते, मग हॉर्न आणि इंडिकेटर मरतात, आणि मालक बॅटरीला दोष देऊन नवी आणतो.

सुधारताना एकेक जोड सोडवत जा आणि मूळ रंगांचा आधार घ्या. यामाहाच्या वायरिंगमध्ये काळी वायर अर्थिंगची, लाल बॅटरीची आणि तपकिरी चावी फिरवल्यावर करंट येणारी असते. कापण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. जोड पाचाहून जास्त निघाले तर ठिगळं लावत बसू नका, पूर्ण हार्नेस बदला.

टायर, ‘जपान इंजिन’ आणि रंग

रुंद टायरने पकड वाढते, हे तितकंसं खरं नाही. आरएक्सचे मूळ टायर पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८ आहेत. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा आकार बिघडतो, तो चेनकव्हरला घासू शकतो आणि या गाडीचं हलकेपण जातं.

‘जपान इंजिन आहे’ असं सांगून जास्त पैसे मागितले जातात. सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून आले होते हे खरं, पण चाळीस वर्षांनंतर त्या इंजिनात मूळ काय उरलं आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. ब्लॉक कितव्या ओव्हरसाइजला आहे, क्रँक वाजतो का, पोर्ट कोरलेले आहेत का, आणि आरएक्स १३५ चा ब्लॉक चढवलेला आहे का, हे विचारा. त्यासाठी क्रँककेसचं तोंड कोरलेलं असेल, तर मूळ ब्लॉक पुन्हा नीट बसवणं अवघड होतं. तसंच मूळ पण झिजलेला कार्ब्युरेटर साफ करून घेणं हे नव्या डुप्लिकेटपेक्षा बहुतेक वेळा बरं असतं.

रंगकाम सगळ्यात शेवटी. ब्रेक लायनर, टायर, वायरिंग, सील आणि मग इंजिन, असा क्रम ठेवला तर नव्या रंगावर ग्रीसचे डाग आणि पान्याचे ओरखडे पडत नाहीत. रंग बदलणार असाल तर तो आरसीवर नोंदवून घ्या.

‘पंधरा वर्षं झाली की भंगार’

पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची सरसकट बंदी दिल्ली आणि राजधानी क्षेत्राच्या संदर्भात आली. ती महाराष्ट्राला लागू नाही. इथे पंधरा वर्षांनंतर गाडी आरटीओत तपासून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. मात्र ती तपासणी मूळ स्वरूपातल्या गाडीची असते. कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. मागच्या मालकाने केलं होतं, हे कारण तपासणीच्या वेळी चालणार नाही.

मालकी बदलण्याच्या टीटी फॉर्मवर सही झाली की व्यवहार संपला, असंही अनेक जण धरून चालतात. फॉर्म २९ आणि ३० आरटीओत जमा होऊन आरसीवर नाव चढेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक जुनाच असतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं : गाडी विकली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. त्यामुळे नाव चढवण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. पैसे देण्याआधी चेसिस आणि इंजिनवरचे नंबर आरसीशी अंकन्‌अंक जुळवा. नंबर घासलेला किंवा पुन्हा पंच केल्यासारखा दिसला, तर गाडी कितीही देखणी असली तरी परत फिरा.

आणि तुमची आरएक्स कधी विकायची वेळ आली, तर तुम्ही काय काय बदललं याचा एक कागद लिहून आरसीसोबत द्या. कोणता जेट आहे, पिस्टन कितव्या साइजचा आहे, सील कधी बदलली. ऑइल पंप चालू आहे की बंद, हे त्यात सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहा.