धुळवडीचा गावरान कोंबडा

श्रोतेहो, धुळवडीला अड्याळसारख्या गावी पाहुणे जमावेत आणि ताटातला कोंबडा दातांना दाद देऊ नये, म्हणजे घरच्या बाईची फजितीच! जून कोंबड्याचे मांस चिवट असते. नुसता जाळ वाढवून ते मऊ होत नाही. त्यावर तीन उपाय ऐका. पहिला, कच्च्या पपईचा चमचाभर कीस, हळद व मीठ चोळून अर्धा तास ठेवा. पपईतले पपेन मांस मऊ करते; फार वेळ ठेवाल, तर लगदा व्हायचा. दुसरा, भाजलेले जवस, खसखस नि सुके खोबरे पाट्यावर वाटून घाला आणि रस्सा मंद आचेवर शिजू द्या. तिसरा, आधी उकडा, मग मसाला लावून निखाऱ्यावर भाजा. हाडाजवळचा रस लाल निघाला, तर आणखी शिजवा; कच्च्या मांसाने पोटे बिघडतात. गुरुजी, पपेनचे हे काम मुलांनाही सांगा बरे!