व्हीलचेअरवरचा व्यायाम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

“दिवसभर चाकं ढकलतोच की, आणखी वेगळा व्यायाम कशाला?” व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या घरी हे सर्रास ऐकू येतं, आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. चाकं ढकलताना छातीच्या आणि खांद्याच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो. पाठीचे स्नायू मात्र कमजोर राहतात. खांदे पुढे झुकतात, दुखू लागतात. पायांचं कामही ज्यांच्यावर आलंय ते खांदेच दुखावले, तर पलंगावरून खुर्चीत येणंही अवघड होऊन बसतं.

म्हणून ढकलण्याच्या जोडीला ओढण्याचा व्यायाम हवाच. ब्रेक लावा. व्यायामाचा रबरी पट्टा खिडकीच्या भक्कम गजातून छातीच्या उंचीवर ओवून घ्या. दोन्ही टोकं धरून कोपरं अंगालगत मागे न्या, पाठीची पाती एकमेकांजवळ आणा आणि सावकाश सोडा. असं दहा वेळा. दम घेऊन आणखी दोन फेऱ्या. खांद्यात कळ आली तर तिथेच थांबा.

बसून केलेल्या व्यायामाने हृदयाला फायदा होत नाही, हेही खोटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अपंग व्यक्तींसाठीही शिफारस केली: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. आकडा मोठा वाटला तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतका दम लागला की श्रम मध्यम समजावेत. छोटी सुरुवात कुठवर नेऊ शकते ते पाहा: सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून त्यांनी पोहणं सुरू केलं आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं.

“पायांत जीवच नाही, मग हलवून काय उपयोग?” उपयोग आहे. दुसऱ्याने हळुवार हलवले तरी सांधे आखडण्याला आळा बसतो. मात्र अशा पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात. हिसका देऊ नका.

आणि एक इशारा. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा असेल आणि अचानक डोकं ठणकू लागलं, घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. व्यायाम थांबवा, ताठ बसा, लघवीची नळी दुमडली आहे का पाहा, तातडीने डॉक्टरांना गाठा.

घरच्यांना एक विनंती: “राहू दे, दमशील” म्हणू नका. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या आणि खिडकीला तो पट्टा आजच बांधून द्या.