थरथर आणि वजन

डोळे गेले की माणूस आंधळा होतो, कान गेले की बहिरा. स्पर्श गेलेल्या माणसासाठी मात्र आपल्याकडे स्वतंत्र शब्द नाही. आपण 'बधिर' म्हणतो, पण तोही मूळचा कानांचाच, संस्कृतातल्या बहिऱ्याकडून उसना घेतलेला. गंमत अशी, की स्पर्शाच्या अनुभवांना नावं देताना हीच मराठी हात आखडत नाही. खरखरीत, भरभरीत, बुळबुळीत, लिबलिबीत, मऊसूत, टोचरं... यादी संपत नाही. एखाद्याच्या हाताला चव असते, एखाद्याला हातगुण असतो, आणि कुठलंही काम शिकताना 'हात बसावा' लागतो. थोडक्यात, स्पर्शाला आपण रोज राबवतो, पण मान देत नाही.

हा मान अलीकडे अगदी अनपेक्षित ठिकाणाहून मिळू लागला आहे. मुलांच्या व्हिडिओ गेममधून.

रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी पूर्णगड हे गाव आहे. वर टेकाडावर चिमुकला किल्ला, खाली खाडी आणि होड्या. मे महिन्यात घरोघरी मुंबई-पुण्याची नातवंडं येतात, तशी आमच्याकडेही येतात. हल्ली त्यांच्या सामानात आंब्यांसाठी आणलेल्या रिकाम्या पिशव्यांबरोबर एक प्लेस्टेशनही असतं. दोन्ही हातांत धरायचा तो कंट्रोलर मी कुतूहलाने धरून पाहिला. पडद्यावरचं पात्र वाळूत चाललं की तळहाताला वाळू सरकल्यासारखी वाटते, पत्र्यावर चाललं की टकटक. पाऊस पडला की बारीक थेंब बोटांवर टिपटिपतात, आणि तेही कधी डाव्या बाजूला, कधी उजव्या. धनुष्य ताणायचं असेल तर बोटाखालचा खटका खरोखर घट्ट होतो. प्लास्टिकच्या एका डबीत हे सारं कसं मावतं?

त्याचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे. 1976 साली सेगा कंपनीने नाणं टाकून खेळायचा मोटारसायकलचा एक खेळ आणला. त्यात टक्कर झाली की हातातला दांडा हादरायचा. घरगुती खेळात ही गोष्ट आली 1997 साली. निन्टेंडोने कंट्रोलरला जोडायची 'रम्बल पॅक' नावाची डबी काढली आणि त्याच वर्षी सोनीने जपानमध्ये 'ड्युअलशॉक' आणला. आतली युक्ती साधी होती: छोटी मोटर आणि तिच्या दांड्यावर एकाच बाजूला बसवलेलं वजन. पंख्याचं एक पातं जड झालं की सगळा पंखा थरथरतो ना, तसंच. पण अशा मोटरला वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही. त्यामुळे तिला एकच भाषा येते, घरघर.

पुढे मोटरची जागा वेगळ्या यंत्रणेने घेतली. लोहचुंबकाच्या क्षेत्रात तारेचं वेटोळं ठेवून त्यातून वीज सोडली की ते मागे-पुढे हलतं. आपल्या रेडिओतला स्पीकर याच तत्त्वावर बोलतो. हे वेटोळं क्षणात हलतं, क्षणात थांबतं, हळू किंवा जलद थरथरतं. 2020 सालच्या प्लेस्टेशन 5 च्या 'ड्युअलसेन्स' कंट्रोलरमध्ये डाव्या-उजव्या हाताला अशी एकेक यंत्रणा आहे. म्हणजे तो जवळजवळ तळहाताला ऐकू येणारा स्पीकरच.

उरलेली किमया मात्र आपल्या मेंदूची आहे. त्वचेवर थोड्या अंतरावर दोन ठिकाणी एकाच वेळी सारखी थरथर दिली, की पुष्कळदा दोन जागा जाणवत नाहीत. मध्येच कुठेतरी एक जागा जाणवते, जिथे काहीही हलत नसतं. एका बाजूचा जोर हळूहळू कमी करून दुसरीकडचा वाढवला, की थरथर सरकत गेल्याचा भास होतो. 1972 साली गेल्डार्ड आणि शेरिक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी याहून मजेदार भास जगापुढे मांडला. मनगटावर काही टिचक्या आणि लगेच कोपराजवळ काही टिचक्या मारल्या, तर मधल्या हातावरून ससा उड्या मारत गेल्यासारखं वाटतं! त्या भासाला नावही सशाचंच मिळालं. कंट्रोलरमधला पाऊस इकडून तिकडे सरकतो तो असल्याच करामतींच्या जोरावर.

त्वचेखालचं खातंही वाटतं तितकं सरळ नाही. तिथे वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी टेबलं आहेत. हळू फडफड टिपणारे संवेदक निराळे आणि जलद थरथर टिपणारे निराळे. यातले दुसरे इटालियन शरीरशास्त्रज्ञ फिलिप्पो पॅसिनी यांच्या नावाने ओळखले जातात. सेकंदाला सुमारे अडीचशे कंपनं त्यांना सगळ्यांत चांगली कळतात. दाब आणि स्पर्श पेशीला मुळात कळतो कसा, हे उलगडण्याच्या कामाला 2021 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आर्डेम पटापुटियन आणि डेव्हिड ज्युलियस हे त्याचे मानकरी.

आता पूर्णगडच्या एका संध्याकाळविषयी. आमच्या वाडीत एक वृद्ध कोळी आहेत. दृष्टी जवळजवळ गेली आहे, पण जाळ्याची फाटलेली आसं अजून बोटांनी चाचपून विणतात. नातवाने मोठ्या उत्साहाने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि मासे पकडण्याचा एक खेळ लावला. पडद्यावर गळाला मासा लागला, कंट्रोलर थरथरला.

"आजोबा, कळला का मासा?"

म्हाताऱ्याने थोडा वेळ मान तिरकी करून हातांकडे लक्ष दिलं. मग म्हणाले, "थरथर हाय रे बाबा, पन वजन नाय. मासा लागला की हात खाली जातो."

नातू हिरमुसला. मी मात्र चकित झालो. कारण शास्त्रज्ञ जो फरक दोन जडजंबाल शब्दांत सांगतात, तो या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितला होता. त्वचेला कळणारा स्पर्श वेगळा आणि स्नायू-सांध्यांना कळणारा भार वेगळा. हातात अधांतरी धरलेली डबी त्वचेला हवं ते सांगू शकते, पण ती हाताला खरोखर ओढू शकत नाही. ओढायला यंत्र कुठेतरी रोवलेलं असावं लागतं, टेबलाला, भिंतीला किंवा निदान अंगाला. जपानमध्ये एनटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत एका दिशेला झटकन आणि उलट दिशेला सावकाश हलणारी यंत्रं बनवून ओढीचा भास निर्माण केला गेला आहे. पण तो भासच. गरीवर बसलेल्या माणसाला दोरीतून जे कळतं, म्हणजे चिंबोरीची संथ जड ओढ, बारक्या माशाची टोचाटोची, दगडात अडकलेल्या गळाचा मुका ताण, ते सगळं वजनाच्या भाषेत असतं.

हे केवळ खेळापुरतं असतं तर रविवारची इतकी जागा मी अडवली नसती. हाच प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावरही आहे. यंत्रमानवाच्या हातांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला वर्षानुवर्षं पडद्यावर सगळं दिसत होतं, पण ऊतक किती ताणलं जातंय हे हाताला कळत नव्हतं. 'दा विंची' या प्रसिद्ध यंत्राच्या 2024 साली अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या पाचव्या आवृत्तीत ही बलाची जाणीव आली. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या टच लॅबमधून, मंडयम श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांच्या चमूने, लंडनमधल्या संशोधकांबरोबर इंटरनेटवरून एक काल्पनिक ठोकळा दोघांनी मिळून उचलण्याचा प्रयोग केला. अटलांटिकच्या दोन तीरांवरच्या माणसांना एकमेकांचा जोर हाताला जाणवला. आपल्या पवईच्या आयआयटीत प्रा. सुभाशिष चौधुरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुरातन शिल्पांना संगणकाच्या साहाय्याने 'हात लावून' पाहता यावं, यासाठी काम केलं. संग्रहालयात 'हात लावू नये' ही पाटी वाचूही न शकणाऱ्या माणसाला याचं मोल विचारा.

इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. काउंटरवर मुरलेल्या कॅशियरला नोट खोटी असल्याचं डोळ्यांआधी बोटांना कळतं. कागदाची कडक करकर आणि शाईचा उठाव त्याला सांगतो. 1996 साली सुरू झालेल्या महात्मा गांधी मालिकेत अंध व्यक्तींसाठी शाईच्या उंचावलेल्या खुणा आल्या: शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. 2015 पासून या खुणा मोठ्या झाल्या आणि नोटेच्या कडांना तिरप्या उठावाच्या रेघाही आल्या, शंभरला चार, पाचशेला पाच. पण बाजारात दहा हात फिरलेल्या, घामाने आणि माशांच्या पाण्याने मऊ पडलेल्या नोटेवर तो त्रिकोण बोटाला लागणार कसा? 2020 साली रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाचं ॲप काढलं. मोबाइलचा कॅमेरा नोटेवर धरला की ते नोटेची किंमत बोलून सांगतं, किंवा आवाज नको असेल तर थरथरीने. मुलांच्या खेळातली थरथर अशी एका माणसाच्या व्यवहारातली लाज राखू शकते. चारचौघांत 'ही कितीची हो?' असं त्याला विचारावं लागत नाही.

म्हणून घराघरांत चालणाऱ्या 'हे गेम बंद कर आधी' या वादात मी थोडा मध्येच उभा आहे. प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये आलं तेव्हा त्याची किंमत 49,990 रुपये होती. एवढे पैसे मोजले आहेतच, तर मुलाला निदान विचारावं, की हातात जे कळतंय ते येतं कुठून? आणि त्याच वेळी ज्या गोष्टी बिनपैशाच्या आहेत, त्यांपासून त्याचे हात दूर ठेवू नयेत. ओहोटीच्या चिखलात पायाच्या बोटांनी तिसऱ्या शोधणं, पीठ किती सैल झालं ते मळताना ओळखणं, नारळ हलवून पाणी जोखणं. मुलांचे हात सुखरूप आणि स्वच्छ ठेवण्याच्या नादात आपण त्यांना अडाणी तर ठेवत नाही ना, ही मला खरी काळजी वाटते.

आज सुट्टी आहे, तर एक प्रयोग करून पाहा. केसांत लावायचा आकडा वाकवून त्याची दोन टोकं तीन मिलिमीटरवर आणा. मुलाला डोळे मिटायला सांगून ती हलकेच बोटाच्या टोकावर टेकवा. 'दोन' असं उत्तर येईल. मग तीच पाठीवर टेकवा. 'एक' म्हणेल. पाठीवर दोन टोकं वेगळी कळायला सुमारे चार सेंटिमीटरचं अंतर लागतं. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने 1834 साली हे मोजून लिहून ठेवलं. नंतर आकडा मुलाच्या हातात द्या, आणि घरातल्या आजी-आजोबांनी डोळे मिटावेत. आकड्यांचा फरक कदाचित निघेल, कारण वयाबरोबर बोटं थोडी मंद होतात. पण पीठ कुणाला जास्त कळतं, हेही लगेच स्वयंपाकघरात जाऊन पाहा.