पाचटाचा धूर आणि गांडुळाचे पोट

दिवाळी सरते, कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि कृष्णाकाठची संध्याकाळ धुरकट होऊ लागते. कराडपासून वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत ऊस तुटून गेलेल्या रानांतून धुराचे पट्टे उठताना दिसतात. मोळ्या कारखान्याला गेल्या, वाडे जनावरांच्या दावणीला गेले, मागे उरले ते पाचट. ते हटवायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. काडीपेटीतली एक काडी मात्र सगळ्यांनाच परवडते.

याच महिन्यांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात दम्याचे आणि जुन्या खोकल्याचे रुग्ण येतात. ‘थंडीनं होतंय का हो डॉक्टर?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. थंडी हे कारण आहेच, पण ती धुरालाही मदत करते. गार हवेत धूर वर चढत नाही, गावावरच रेंगाळतो. त्यातले अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया, पूर्वी क्षयरोग होऊन गेलेले लोक आणि आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आजी यांना हा धूर सर्वांत आधी बाधतो. थंडीवर आपला इलाज नाही. धुरावर मात्र आहे, आणि त्यातला एक इलाज पायाखालच्या मातीत राहतो.

जळते ते काय?

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्का नत्र, ०.२ टक्का स्फुरद, १ टक्क्याच्या आसपास पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे १० टन पाचटात जवळपास ५० किलो नत्र आणि तीन टनांहून अधिक कर्ब. पेटवल्यावर राखेत थोडे पालाश आणि स्फुरद उरते. नत्र आणि कर्ब बहुतांश हवेत जातात. वर्षानुवर्षे पाणी आणि रासायनिक खते देऊन आपल्या काळ्या जमिनी आधीच थकल्या आहेत. त्यांना ज्या कर्बाची भूक आहे, तोच आपण जाळतो आणि त्याचा धूर छातीत घेतो.

गांडूळ करते काय?

इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विनने गांडुळांचे निरीक्षण कित्येक दशके केले आणि १८८१ साली त्यांच्यावर एक पुस्तकच लिहिले. जमिनीचा वरचा सुपीक थर पुन्हा पुन्हा गांडुळांच्या पोटातून जातो, असे त्याने दाखवून दिले. आपल्याकडे पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी गांडुळांच्या साहाय्याने कचऱ्याचे खत करण्याचे काम हाती घेतले आणि हा विषय अनेक शेतकऱ्यांपर्यंत नेला.

गांडुळाला दात नसतात. गिळलेला कुजका पाला आणि मातीचे कण त्याच्या पेषणीत दळले जातात. पुढे आतड्यात जिवाणूंची मोठी फौज त्यावर काम करते. बाहेर पडते ती चहाच्या भुकटीसारखी, वास नसलेली विष्ठा. तिच्यातील अन्नद्रव्ये पिकाला सहज घेता येतात.

डॉक्टर म्हणून मला या प्राण्याची आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गांडुळाला फुप्फुसे नसतात. त्याचे रक्त आपल्यासारखेच लाल असते, पण प्राणवायू ते ओल्या कातडीतून घेते. कातडी सुकली की ते गुदमरते आणि पाण्यात बुडून राहिले तरी गुदमरते. गांडूळ खताचे बरेचसे नियम यातूनच निघतात: सावली हवी, ओलावा हवा, चिखल नको.

वाफा कसा करावा?

पाचट थेट गांडुळांपुढे टाकू नये. त्यात नत्राच्या सत्तर-ऐंशी पट कर्ब असतो. गांडुळांना हे प्रमाण तिसाच्या आसपास लागते. म्हणून पाचटाचे बारीक तुकडे करावेत, त्यात शेण मिसळावे आणि ढीग ओला ठेवून १५ ते २० दिवस कुजू द्यावा. या काळात ढीग आतून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो. ही उष्णता गांडुळांना मारक, पण आपल्याला उपयोगाची असते. तणांचे बी आणि शेणातले बरेच रोगजंतू तिच्यात मरतात. गांडुळांचा वाफा स्वतः तापत नाही, त्यामुळे ही पायरी गाळून चालत नाही.

ढीग निवला की छपराखाली तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच वाफा करावा, गांडुळे सोडावीत आणि वर ओले गोणपाट टाकावे. यासाठी आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस या पृष्ठभागावर राहून कुजका माल खाणाऱ्या जाती वापरतात. नांगरटीत सापडणारी खोल बिळातली गांडुळे या कामाची नाहीत. मूठभर माल पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, इतकाच ओलावा ठेवावा. मुंग्या, उंदीर आणि कोंबड्या यांपासून वाफा जपावा. दीड ते दोन महिन्यांत खत होते. चार-पाच दिवस पाणी बंद करून खताचे छोटे ढीग केले की गांडुळे तळाला जातात आणि वरचे खत काढता येते.

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्ष बागायतदारांना एक सूचना. छाटणीच्या काड्या आणि पानांवर बोर्डो मिश्रणातले तांबे साचलेले असते. तांबे गांडुळांना विषारी आहे. असा माल वाफ्यात टाकू नये.

गांडुळाने जंत होतात का?

हा प्रश्न आया मला नेहमी विचारतात. उत्तर स्वच्छ आहे: नाही. गोंधळ दिसण्यामुळे होतो. पोटातल्या मोठ्या जंताचे शास्त्रीय नावच ‘अस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस’, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा. पण साम्य तेवढेच. जंत माणसाच्या आतड्यात राहतो, मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते आणि ती विष्ठेवाटे मातीत येतात. ही अंडी मातीत अनेक महिने, कधी कधी वर्षेही टिकतात. म्हणून वाफ्यात माणसाची किंवा कुत्र्यामांजराची विष्ठा कधीही जाऊ देऊ नये. कच्च्या खाण्याच्या भाज्या, मग त्या कोणत्याही खतावरच्या असोत, वाहत्या पाण्यात धुवाव्यात. मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये.

खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्या गोष्टींची. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. हातमोजे आणि बूट घालूनच काम करावे. जखम झाली तर ती साबणाने धुवावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली ते सांगावे. पाचटाच्या ढिगात घोणस, मण्यार दडून बसतात. ढिगात आधी काठी, मग हात.

कारखान्यातून बगॅस आणत असाल तर बुरशी चढलेला जुना माल कोरडा असताना उपसू नका. त्याच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते. या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. १९४१ साली अमेरिकेतल्या लुइझियाना या ऊस पिकवणाऱ्या राज्यातून त्याची पहिली नोंद झाली. काम केल्यावर काही तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागली तर तो ‘साधा फ्लू’ समजू नये. माल आधी भिजवणे आणि नाकातोंडाला मास्क लावणे, एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो.

सगळे पाचट वाफ्यात मावेल का?

मावणार नाही, आणि मावायची गरजही नाही. खोडव्यात बहुतेक पाचट सरीतच आच्छादन म्हणून ठेवावे. एक टन पाचटासाठी ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत, अशी शिफारस आहे. पाचट जागेवरच कुजते, ओल टिकते, तण कमी येते आणि शेतातली गांडुळेही आपोआप वाढतात. घराजवळचे थोडे पाचट, शेण आणि गोठ्यातला उरलेला चारा यांचा वाफा करावा. गांडूळ खत आले म्हणून रासायनिक खत एका हंगामात बंद करू नये. माती तपासून हळूहळू कमी करावे. आणि या खतावरची भाजी खाऊन मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. गांडूळ जमिनीचे काम करते, औषधाचे नाही.

गांडुळे आणि माहिती हवी असल्यास साताऱ्याजवळ बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र किंवा आपल्या गावचे सहायक कृषी अधिकारी यांना विचारावे. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर तोडणीची तारीख ठरतानाच पाचटाचे काय करायचे तेही ठरवा आणि शेजारच्या बांधावरही हा विषय काढा. इनहेलर आम्ही लिहून देऊ. पण शेजारच्या रानातली काडी विझवण्याचे औषध आमच्या कपाटात नाही.