हसू येते, पण वेगळ्या वाटेने

गुरुजी विचारतात, “काय रे बंडू, आज उशीर का?” बंडू म्हणतो, “गुरुजी, रस्त्यावर पाटी आहे ना, ‘पुढे शाळा आहे, सावकाश जा’!”

विनोद जुना आहे. तुम्ही तो दहा वेळा तरी ऐकला असेल. पण त्यात हसू नेमके कोठे दडले आहे, याचा कधी विचार केला आहे काय? जेरी सल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली याचे एक सोपे उत्तर मांडले. विनोद समजून घेताना आपले मन दोन पायऱ्या चढते. पहिल्या पायरीवर ते चकते. बस चुकली, झोप लागली असे काही ऐकायच्या तयारीत आपण असतो आणि मिळते भलतेच उत्तर. दुसऱ्या पायरीवर लक्षात येते, की ते भलते उत्तरही एका परीने बरोबर आहे. पाटीवर तसे लिहिलेले असतेच. फक्त ती सूचना मोटारींसाठी असते. हे सारे क्षणार्धात घडते आणि आपण हसतो.

आता असा एक मुलगा डोळ्यांपुढे आणा, की जो ती पाटी वाचून खरोखरच सावकाश चालत आला. त्याचेही उत्तर शब्दशः तेच, पण त्याच्या लेखी त्यात विनोद मुळीच नाही. सारा वर्ग खो खो हसतो आणि हा गोंधळून सगळ्यांकडे पाहत राहतो.

ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांच्या वाट्याला असे प्रसंग येतात. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. शब्द सुटसुटीत खरा, पण ही मुले आपल्यातच बुडालेली असतात असा समज त्यामुळे होतो आणि तो बरोबर नाही. हा काही रोग नव्हे. या मुलांच्या मेंदूची जडणघडणच सुरुवातीपासून थोडी निराळी असते, इतकेच.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एका मुलाचे वडील भिंतीवरच्या चित्रांविषयी बोलत होते, तर मुलाने त्यांना दुरुस्त केले : चित्रे भिंतीवर नाहीत, भिंतीजवळ आहेत! विचार करून पाहा. कुंपणाच्या भिंतीवर मांजर बसते आणि घरातल्या भिंतीवर तसबीर असते. दोन्ही ठिकाणी ‘वर’ एकच, पण अर्थ किती निराळे! आपल्याला हे खटकतही नाही. त्या मुलाला खटकले.

पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गरने लिहिले, की या मुलांना विनोदबुद्धी नसते. (याच अ‍ॅस्पर्गरने नाझी राजवटीच्या बालहत्येच्या योजनेला हातभार लावल्याचे पुरावे २०१८ साली प्रसिद्ध झाले.) मौज अशी, की यांतील काही मुले शब्दांवर खुमासदार कोट्या करतात, हेही त्यानेच नोंदवून ठेवले होते. लोकांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले, दुसरे विसरले.

ते पहिले वाक्य कसोटीला लावण्यास बराच काळ जावा लागला. इंग्लंडमध्ये वासुदेवी रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या हसण्याचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. ऑटिझम असलेली मुले आणि डाऊन सिंड्रोम असलेली मुले यांची त्यांनी तुलना केली. दोन्ही गट जवळपास सारखेच हसत होते! फरक होता तो कशाला हसायचे यात. कोणी तोंड वेडेवाकडे केले किंवा रीत सोडून काही केले, तर ऑटिझम असलेली मुले क्वचितच हसत. बघणाऱ्याला ज्याचे कारण उमगू नये अशा प्रसंगी मात्र ती हसत.

कारण उमगत नाही, म्हणजे ते नसतेच असे थोडेच आहे? कॅनरने १९४६ साली सांगितलेला एक किस्सा येथे आठवतो. एक मुलगा स्वयंपाकघरातले एक भांडे दिसले, की एका बडबडगीतातले दोन शब्द म्हणे. ऐकणाऱ्याला ती निव्वळ बडबड वाटे. चौकशी करता कळले, की तो दोन वर्षांचा असताना आई ते गाणे म्हणत असतानाच तिच्या हातून भांडे खाली पडले होते. धागा पक्का होता. त्याचे दुसरे टोक तेवढे आईलाच ठाऊक होते.

आवाजातही फरक आढळला. २००९ सालच्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांचे हसणे जवळजवळ सगळे खुल्या आवाजाचे निघाले. इतर मुले तसे तर हसतच, शिवाय नुसत्या श्वासाने, नाकातल्या नाकातही हसत. या दुसऱ्या हसण्याचा उपयोग बहुधा समोरच्याला बरे वाटावे यासाठी होत असावा. सरांच्या विनोदाला आपण जे हसतो, ते आठवा म्हणजे झाले!

मग अडते ते नेमके कोठे? आंद्रेआ सॅमसन यांनी २०१० साली व्यंगचित्रे दाखवून याचा शोध घेतला. समजा, एका चित्रात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या म्हणजे आडवा झोपलेला झेब्राच आहे. येथे एक आकार दोन गोष्टींचे काम करतो. पाहिले की समजते. दुसऱ्या चित्रात एक गृहस्थ ऐटीत फोटोला उभा आहे आणि मागे वाघ आहे. येथे ‘वाघ आहे हे त्याला माहीत नाही’ हे आपण ओळखावे लागते, म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरावे लागते. पहिल्या प्रकारची चित्रे ऑटिझम असलेल्यांना इतरांइतकीच समजली आणि तितकीच आवडली. दुसऱ्या प्रकारात ते मागे पडले.

वर्गातले बहुतेक विनोद या दुसऱ्या प्रकारचे असतात, आणि पुष्कळदा तो ‘गृहस्थ’ म्हणजे हाच मुलगा असतो. हे हसणे आपल्याबरोबर की आपल्यावर, हे त्याला चटकन कळत नाही. सॅमसन यांच्याच २०११ सालच्या पाहणीत, लोक आपल्याला हसतील ही भीती ऑटिझम असलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास व्यक्तींत ठळकपणे दिसली. इतरांत ती फार थोड्यांत होती.

टास्मानियात जन्मलेल्या विनोदकार हॅना गॅड्सबी यांना स्वतःला ऑटिझम आहे, हे मोठेपणी कळले. २०१९ साली रंगमंचावर आलेल्या ‘डग्लस’ या कार्यक्रमात त्यांनी शाळेतल्या एका तासाची हकिगत सांगितली आहे. विषय होता आत, वर, मागे असे शब्द. उदाहरणाला होती एक पेटी आणि एक पेंग्विन. गाडी अडली, ती पेंग्विनचा पेटीशी संबंधच काय, येथे. अडखळणे कॅनरच्या त्या मुलासारखेच. पण ते कोठे पाहून हसायचे, हे या वेळी तेथे अडखळलेल्यानेच ठरविले आणि भरलेले प्रेक्षागृह त्यांच्याबरोबर हसले.