गॅरेजचे वाढीव बिल

गिअरबॉक्स उघडल्यावाचून आतला दाता झिजला की नाही, हे कसबी मिस्त्रीसही सांगता येत नाही. म्हणून अंदाजापेक्षा खर्च वाढला म्हणजे लबाडीच झाली, असे समजू नये. मात्र तेथे हात थांबवून मालकाला विचारणे हे गॅरेजवाल्याचे कर्तव्यच होय. गाडी देतानाच जॉबकार्डावर लिहून घ्या : 'विचारल्याशिवाय जादा काम नको.' बदललेला जुना भाग परत मागा.

१८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० सोपवलेल्या कामाच्या मजुरीसाठी गाडी अडवण्याचा हक्क कारागिराला देते. न सोपवलेल्या कामासाठी नव्हे. तरीही अडवलीच, तर लेखी हरकत नोंदवून पैसे भरा, पावती घ्या आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागा.

पण एक विनंती. गाडीखालच्या काळ्या हातांच्या पोरावर ओरडू नका. बिल त्याने केलेले नसते.