ओसाड खाणींत माती कशी घडली

खाण किंवा कारखाना उठून गेला म्हणजे मागें उरलेली जमीन कायमची वायां गेली, अशी आपली समजूत असते. आफ्रिकेंतील केनिया देशांत, मोंबासा शहरालगत, बांबुरी येथें जें घडलें तें या समजुतीच्या उलट आहे.

येथें १९५४ पासून सिमेंटासाठीं प्रवाळाचा चुनखडक खोदण्यांत आला. खोदलेल्या जागेंत माती उरली नाहीं, आणि थोड्याच खोलीवर मचूळ पाणी लागे. १९७१ सालीं रेने हॅलर या स्विस कृषितज्ज्ञानें २६ जातींचीं झाडें लावून पाहिलीं. त्यांपैकीं तीनच तगलीं. त्यांत आपल्या कोंकण किनाऱ्यावर दिसणारें सुरूचें झाड प्रमुख होय. त्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र झाडास मिळवून देतात. म्हणून तें निकस जागींही वाढतें.

परंतु सुरूचा गळलेला पाला कांहीं केल्या कुजेना. तेव्हां हॅलरनें तेथें वाणी किडे सोडले. कपाशीचीं कोवळीं रोपें कुरतडणारा वाणी आपणांस शत्रु वाटतो. तेथें मात्र त्यानें पाला खाऊन त्याचें खत केलें. हळूहळू मातीचा थर सांचला, इतर झाडें लागलीं व पक्षी आले. १९८४ सालीं ही जागा लोकांस खुली झाली. आज ती हॅलर पार्क या नांवानें ओळखली जाते.

ज्यांस आपली जमीन मुरूम वा खडीसाठीं द्यावी लागते, त्यांनीं वरची माती आधीं काढून बाजूस राखून ठेवावी. ती नव्यानें घडविण्यास किती वर्षें व किती खटाटोप लागतो, हें बांबुरीवरून स्पष्ट दिसतें.